लेबल १९८२चं, बूच १९९२चं : जुन्या बोर्दो वाइनच्या नावाखाली झालेली फसवणूक

फ्रान्समध्ये राहणाऱ्या किंवा इथे येणाऱ्या कुणाच्या मनात जन्मसालाची जुनी रेड वाइन भेट द्यायचं असेल, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. या भेटीच्या हौसेवरच ही फसवणूक चालते.

मी तुलूजला राहतो. माझा दादा निफाडकडे द्राक्षं पिकवतो आणि त्याचा जन्म १९८२चा. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला असलेल्या बोर्दो या वाइनच्या प्रदेशात १९८२ हा फार गाजलेला हंगाम. उन्हाळा कडक, द्राक्षं भरपूर पिकलेली, वाइन भरदार आणि दीर्घायुषी. दादा इकडे येणार म्हटल्यावर बोर्दोतल्या साँ-झुलिएन गावच्या एका नामांकित शातोची (शातो म्हणजे स्वतःच्या मळ्यांची वाइन करणारं घराणं) त्या सालची बाटली मी शोधायला लागलो. एक खासगी जाहिरात दिसली: वडील वारले, तळघर रिकामं करायचंय. दुकानात तीनशे युरोंच्या पुढे जाणारी बाटली २२० युरोंना. भाव मोह पडावा इतका कमी, पण संशय यावा इतका कमी नाही. हा आकडा विचार करून ठरवलेला असतो.

मी फोटो मागवले, विक्रेत्याने लगेच पाठवले. वाइनची पातळी मानेच्या अगदी खाली, म्हणजे चाळीस वर्षांच्या बाटलीला साजेशी. लेबलवर ओलीचे डाग. त्याच्या घरी गेलो तर तळघरही खरं होतं, थंड, दमट, भिंतींना बुरशी. पैसे मात्र रोखच हवे होते आणि पावती देणार नव्हता.

गाळ तळाशी बसावा म्हणून बाटली आधीपासून उभी करून ठेवली होती. जुनं बूच साध्या स्क्रूने तुटतं, म्हणून दोन पात्यांचा ओपनर वापरला. मानेखाली मोबाइलचा टॉर्च धरून वाइन सावकाश डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत ओतली आणि गाळाची काळी रेघ मानेकडे सरकताना दिसली तेव्हा थांबलो. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला: मधे फिकट डाळिंबी, कडेला विटकरी. वास खरोखर सुरेख होता, देवदाराचं लाकूड, तंबाखू, पावसानंतरचा पालापाचोळा. टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या सालीबियांतून येणारा तुरटपणा पूर्ण निवलेला. पहिला घोट घेतल्यावर आम्ही दोघंही खूश होतो.

पण वाइन जिभेवर टिकेना. सुरुवात छान, शेवटी आंबट आणि मधे काहीच नाही. अर्ध्या तासात वासही विरला. जुनी वाइन हवेत लवकर उतरते हे खरं, पण १९८२सारख्या उन्हाच्या वर्षाचा भरीवपणा कुठे तरी जाणवायला हवा होता. दादाने बूच हातात घेऊन उजेडात फिरवलं आणि म्हणाला, "अरे, याच्यावर ब्याण्णव लिहिलंय."

बोर्दोच्या चांगल्या शातोंच्या बुचांवर शातोचं नाव आणि साल छापलेलं असतं. नाव बरोबर होतं, साल १९९२ होतं. म्हणजे शातो खरा, बाटली खरी, वाइनही खरी, फक्त लेबल बदललेलं. १९९२ला बोर्दोत पावसाने द्राक्षांत पाणी भरलं होतं, त्या सालची वाइन पातळ आणि १९८२च्या मानाने खूपच स्वस्त. नंतर भिंगातून पाहिलं तर लेबलची अक्षरं बारीक ठिपक्यांची होती, घरगुती प्रिंटरची. आणि ओलीचा डाग लेबलच्या कडेला कापल्यासारखा थांबत होता, काचेवर त्याचा मागमूसही नव्हता.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही, की वाइन जुनी लागली म्हणजे ती लेबलवरच्या सालाची आहे असं होत नाही. विटकरी रंग, चामडं-तंबाखूचा वास, मऊ झालेलं टॅनिन हे सगळं स्वस्त हंगामाच्या जुन्या बाटलीतही मिळतं. ठगाला हे पक्कं ठाऊक असतं. मोठमोठे जाणकारही यात फसलेत. रूडी कुर्नियावान नावाच्या माणसाने अमेरिकेतल्या श्रीमंत संग्राहकांना वर्षानुवर्षं स्वतः मिसळलेली वाइन दुर्मीळ फ्रेंच वाइन म्हणून विकली. २०१२मध्ये एफबीआयने त्याच्या घरावर छापा घातला तेव्हा लेबलांचे गठ्ठे, बुचं, शिक्के सापडले. २०१४मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच्याविषयी मोठा संशय उभा राहिला तो चवीवरून नव्हे, सालावरून. २००८च्या न्यूयॉर्कच्या लिलावात क्लो साँ-दनी या मळ्याची १९४५ची म्हणून बाटली आली होती, आणि तिच्यावर फ्रान्समधल्या बरगंडी या वाइनच्या प्रदेशातल्या पोन्सो घराण्याचं नाव होतं. त्या घराण्याने ती वाइन करायला सुरुवात केली ती १९८०च्या दशकात. त्या घराण्याचे लोराँ पोन्सो स्वतः तिथे हजर झाले आणि बाटल्या लिलावातून काढायला लावल्या.

म्हणून बूच बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. त्यासाठी बाटली उघडावी लागत नाही. जुन्या वाइनचे व्यापारी तोंडावरच्या धातूच्या आवरणाला छोटी खिडकी कापतात आणि टॉर्च लावून काचेतून बुचावरचं साल वाचतात. प्रामाणिक विक्रेता याला हरकत घेत नाही. त्याने आधी बाटली कुठून घेतली, त्याचं बिलही मागा. "वडिलांची होती" हे बिल नव्हे. शक्यतो पक्की पावती देणाऱ्या दुकानातून किंवा लिलावातूनच घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. उंची बाटल्या रिकाम्या झाल्यावरही विकल्या जातात आणि पुन्हा भरल्या जातात, म्हणून संपलेल्या बाटलीचं लेबल फाडूनच ती टाका.

माझ्या विक्रेत्याने जाहिरात काढून टाकली आणि फोन बंद केला. मी जाँदार्मेरीत, म्हणजे इथल्या पोलिसांकडे लेखी तक्रार दिली आहे. फ्रेंच कायद्यात अशा फसवणुकीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि ३,७५,००० युरोंपर्यंत दंड आहे. कुणाच्या बाबतीत असं झालंच तर बाटली धुऊ नका, लेबल सोलू नका, बूच कोरडं करून पाकिटात ठेवा, जाहिरातीचा आणि संदेशांचा स्क्रीनशॉट लगेच घ्या. माझ्याकडे जाहिरातीचे फोटो साठवलेले होते, म्हणूनच तक्रार नोंदवून घेतली गेली.