मेग्वायर्स अल्टिमेट कंपाउंड: घरी गाडी पॉलिश करणाऱ्यांसाठी

गडद रंगाची गाडी दोन-तीन वर्षांची झाली की भर उन्हात तिच्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, गोलाकार ओरखडे दिसू लागतात. प्रत्यक्षात हे ओरखडे सगळ्या दिशांना पडलेले असतात. मात्र सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती जे आडवे येतात तेवढेच चमकतात आणि म्हणून ते गोल भासतात. रंगावर जो पारदर्शक थर असतो, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, त्याच्यावर ते उमटलेले असतात. त्यांचे सर्वांत मोठे कारण म्हणजे कोरडी धूळ फडक्याने पुसणे. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये पहाटे एकाच बादलीत बुचकळलेल्या एकाच फडक्याने ओळीने गाड्या पुसल्या जातात, तेव्हा पहिल्या गाडीवरची माती शेवटच्या गाडीपर्यंत पोहोचते. हे ओरखडे सुट्टीच्या दिवशी, आपल्याच पार्किंगमध्ये, स्वतःच्या हाताने काढण्याचा छंद ज्यांना आहे किंवा लावून घ्यायचा आहे, त्यांच्या दृष्टीने मी मेग्वायर्सच्या अल्टिमेट कंपाउंडचे, म्हणजे बारीक कणांनी ओरखडे घासून काढणाऱ्या पॉलिशचे, हे परीक्षण लिहीत आहे.

मेग्वायर्स ही कंपनी 1901 साली अमेरिकेत फ्रँक मेग्वायर यांनी लाकडी फर्निचरच्या पॉलिशपासून सुरू केली आणि 2008 मध्ये ती थ्रीएमने विकत घेतली. अल्टिमेट कंपाउंड हे त्यांचे घरगुती वापरासाठीचे उत्पादन असून 450 मिलीच्या बाटलीत मिळते. मध्यम आकाराच्या गाडीचे सगळे पत्रे करायला बाटलीचा लहानसाच हिस्सा लागतो, त्यामुळे किंमत प्रथमदर्शनी जास्त वाटली तरी एक बाटली कित्येक हंगाम पुरते.

आपल्याकडे गॅरेजमध्ये ज्याला ‘रबिंग-पॉलिश’ म्हणतात, त्याच्याशी याची तुलना करणे आवश्यक आहे. जुन्या पद्धतीच्या रबिंग पेस्टमधले कण जाडेभरडे आणि कमी-जास्त आकाराचे असतात. त्यामुळे ओरखडा निघतो, पण त्याच्या जागी धुरकटपणा राहतो आणि तो झाकण्यासाठी वरून तेलकट पॉलिश मारले जाते. गाडी ताब्यात घेताना ती आरशासारखी दिसते आणि चार-पाच धुण्यांनंतर झाकलेले सगळे पुन्हा वर येते. अल्टिमेट कंपाउंडमधले कण अतिशय सूक्ष्म आणि एकसारख्या आकाराचे आहेत, त्यामुळे ते ओरखड्याच्या कडा घासून समतल करत असतानाच पृष्ठभाग स्वच्छ ठेवतात. पॅनल पुसल्यावर त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याचे मिश्रण फवारून पुन्हा पुसले, तर उरलेले तेल निघून जाते आणि ओरखडा खरोखर गेला आहे की नुसता बुजला आहे हे लगेच कळते. या कसोटीला हे कंपाउंड उतरते, आणि माझ्या मते त्याची खरी किंमत यातच आहे.

कण एकसारखे असल्याचा आणखी एक व्यावहारिक फायदा होतो. किती घासले जाणार हे बाटलीपेक्षा पॅडवर, म्हणजे ज्या गादीने कंपाउंड घासायचे तिच्यावर, अधिक ठरते. मऊ फोमच्या पॅडवर हेच कंपाउंड जवळजवळ अंतिम झळाळी देते, तर मायक्रोफायबरच्या पॅडवर ते बरेच खोल काम करते. हौशी माणसाला चार वेगवेगळ्या बाटल्या गोळा करण्यापेक्षा एक बाटली आणि दोन-तीन प्रकारची पॅड घेणे केव्हाही शहाणपणाचे आहे.

कंपाउंड हाताने लावता येते आणि यंत्रानेही. दाराच्या हँडलमागच्या खोलगट वाटीत नखांचे आणि अंगठ्यांचे ओरखडे साचलेले असतात, तिथे यंत्र पोहोचतच नाही. बोटाला गुंडाळलेल्या फोमच्या तुकड्यावर वाटाण्याएवढे कंपाउंड घेऊन मिनिटभर घासले की ती वाटी नव्यासारखी होते, आणि ज्याला या बाटलीवर विश्वास बसत नसेल त्याने सुरुवात तिथूनच करावी. पण संपूर्ण बॉनेट किंवा टप हाताने करायचे म्हटले तर दाब एकसारखा राहत नाही, खांदे भरून येतात आणि निकालही चट्ट्याचट्ट्यांचा मिळतो. त्यासाठी ड्युअल ॲक्शन पॉलिशर हवाच. हे यंत्र स्वतःभोवती फिरता फिरता छोटे वर्तुळाकार झोकेही घेते, त्यामुळे उष्णता एका जागी साचत नाही. गॅरेजमधले एकाच अक्षावर गरगर फिरणारे रोटरी यंत्र झपाट्याने काम करते, परंतु अननुभवी हातात ते रंगावर भोवऱ्यासारख्या खुणा सोडते आणि कडांवरचा रंग उडवू शकते, म्हणून घरच्या कामासाठी मी त्याची शिफारस करत नाही.

प्रत्यक्ष कामाची पद्धत जरा सविस्तर सांगतो, कारण या कंपाउंडबद्दलच्या बऱ्याच तक्रारी पद्धतीतल्या चुकांमधून येतात. गाडी आधी शाम्पूने स्वच्छ धुवावी आणि मग क्ले बारने, म्हणजे चिकटलेली घाण ओढून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने, भरपूर ओलसर ठेवून, हलक्या हाताने पत्रा साफ करावा. धुतलेल्या बॉनेटवरून पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून फिरवला की चिकटलेले डांबर, ब्रेकची लोखंडी धूळ आणि झाडाचा चीक बोटांना खरखरीत लागतो. ती खरखर क्ले बारने गेल्याशिवाय कंपाउंड लावले तर तीच घाण पॅडमध्ये अडकून नवे ओरखडे पाडते. त्यानंतर काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि रबर मास्किंग टेपने झाकावेत, कारण कोणतेही कंपाउंड त्यांवर वाळले की पांढरे डाग पडतात आणि ते काढणे त्रासाचे असते.

पॅडवर चार-पाच थेंब घेऊन साधारण दीड फूट लांब-रुंद भागावर, यंत्र सर्वांत कमी वेगावर ठेवून, ते आधी पसरावे आणि मग वेग वाढवावा. हात मात्र सावकाश सरकवायचा, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतकाच, आणि प्रत्येक फेरीने आधीच्या फेरीचा निम्मा भाग झाकला पाहिजे. यंत्राच्या चकतीच्या कडेला मार्करने एक रेघ ओढून ठेवावी. रेघ फिरताना दिसते तोवर दाब योग्य आहे. ती थांबली की पॅड नुसते थरथरत आहे आणि काम बंद पडले आहे असे समजावे. चार ते सहा फेऱ्यांमध्ये कंपाउंडचा दुधट थर पातळ होत जवळजवळ पारदर्शक होतो, तेव्हा थांबून स्वच्छ मायक्रोफायबरने पुसावे. पुसताना ते सहज निघते आणि त्याची पांढरी भुकटीही फार उडत नाही, हा त्याचा मोठा गुण मानावा लागेल. पुढच्या भागाला हात घालण्यापूर्वी टॉर्च तिरपी धरून तपासणी करावी, कारण ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात ओरखडे दिसतच नाहीत.

महाराष्ट्रातल्या हवेचा विचार इथे करावाच लागतो. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या तापलेल्या पत्र्यावर कोणतेही कंपाउंड काम होण्याआधीच सुकते, म्हणून सकाळी लवकर, सावलीत आणि पत्रा हाताला थंड लागत असतानाच काम करावे. बोअरवेलच्या पाण्याचे पांढरे ठिपके हा आपल्याकडचा दुसरा कायमचा त्रास आहे. ताजे ठिपके पातळ व्हिनेगरने निघतात आणि थोडे रुतलेले ठिपके या कंपाउंडने जातात. परंतु ज्या ठिपक्याने क्लिअर कोटमध्ये खड्डाच पाडला आहे तो पूर्ण काढण्याचा हट्ट धरू नये.

या हट्टाबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. कारखान्यात चढवलेला क्लिअर कोट साधारणपणे 35 ते 50 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) इतकाच जाड असतो आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाचे रक्षण तोच करतो. प्रत्येक कंपाउंड, कितीही सौम्य असले तरी, त्यातला थोडा भाग कायमचा काढून टाकते. जो ओरखडा नखाला अडकतो तो पॉलिशच्या आवाक्यात नाही. त्याच्या कडा मऊ करून तो कमी उठून दिसेल एवढे करावे आणि तिथे थांबावे. दारांच्या कडा आणि पत्र्याच्या उठावदार रेघा इथे थर सर्वांत पातळ असतो, तेव्हा त्यांवर टेप लावून त्या वगळाव्यात. जुनी गाडी विकत घेतली असेल आणि एखादे दार पुन्हा रंगवल्याचा संशय असेल तर रंगाची जाडी मोजणारे उपकरण मिळवून आधी मोजणी करावी. मॅट रंगाच्या गाडीवर हे कंपाउंड मुळीच वापरू नये. तिथे चकाकी येणे म्हणजेच नुकसान होय.

कंपाउंड झाल्यावर पत्रा उघडा पडतो, कारण आधीचे मेणही त्याबरोबर निघून गेलेले असते. त्यावर सीलंट (रंगावर संरक्षक थर देणारे कृत्रिम द्रव्य) किंवा वॅक्स म्हणजे मेण लावल्याशिवाय काम पुरे होत नाही. ब्राझीलमधल्या ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण काळ्या किंवा मरून रंगाला जी ऊबदार खोली देते ती मला फार आवडते, पण आपल्या उन्हाळ्यात आणि पावसात ते लवकर उतरते, म्हणून रोज उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला सिंथेटिक सीलंटच योग्य ठरेल.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाडी पुसण्याची रीत बदलणे. दोन बादल्या, एकीत शाम्पू आणि दुसरीत फडके खळबळायला साधे पाणी, एवढ्याने नव्या ओरखड्यांचे प्रमाण खूप घटते. गाडी पुसायला येणाऱ्या काकांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना थोड्या वेळात खूप गाड्या उरकायच्या असतात. त्यांना आपल्या गाडीपुरते दोन मायक्रोफायबर स्वतः आणून द्यावेत आणि धूळ कोरडी न पुसता आधी पाणी मारण्याची विनंती करावी. ते मायक्रोफायबर धुताना फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नये, त्याने तंतूंवर थर बसून कापड निकामी होते.

खरेदी करताना बाटलीवर आयातदाराचे नाव आणि छापील किंमत असलेले लेबल आहे का ते पाहावे. ज्यांची गाडी पांढरी किंवा चंदेरी आहे त्यांना ओरखडे सहसा जाणवत नाहीत, त्यामुळे त्यांनी ही बाटली घेण्याची घाई करू नये. क्ले बार आणि चांगला सीलंट एवढ्यानेच त्यांच्या गाडीत स्पष्ट फरक दिसेल. काळ्या, गडद निळ्या किंवा लाल गाडीच्या मालकांनी मात्र मऊ फोमच्या पॅडपासून सुरुवात करावी आणि बॉनेटच्या एका कोपऱ्यावर दीड फुटात मिळालेला निकाल टॉर्चखाली पाहूनच जास्त घासणाऱ्या पॅडकडे वळावे.