मॉइश्चरायझरला चार तारे, पंपाला शून्य: लाल डागांसाठी घेतलेल्या बाटलीचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

पंपाने पुन्हा मान टाकली. दाबला की नुसता फुस्स आवाज, आणि बाटली उजेडात धरली तर तळाशी नि कडांना चांगलं जाडसर क्रीम चिकटलेलं. शेवटी कात्रीने बाटली आडवी कापली. आत जे निघालं त्यावर पुढचे कितीतरी दिवस हात आणि मान भागली. असा पंप बसवणारे आत अडकून राहणारं हे क्रीम फुकटचं समजतात, नाही का? म्हणून हा रिव्ह्यू. सिरामाइड, ग्लिसरीन, सुगंध नाही ही घटकांची यादी तुम्हाला पाठ असेलच, ती परत देत नाही.

सुरुवातीला मी याला एक तारा दिला होता. कारण सरळ होतं: हातांवर, मानेवर आणि पोटावर कारण न कळता लाल डाग उठत होते, बाटलीवर ‘लालसरपणा शांत करते’ असं ठसठशीत छापलंय, आणि पोटावरचे डाग जिथल्या तिथे. आता तारे वाढवतेय. ते बाटलीवरच्या त्या वाक्यामुळे नव्हे, स्किनच्या डॉक्टरांमुळे. त्यांनी सांगितलं की माझ्या अंगावर एक नाही, तीन वेगवेगळ्या गोष्टी चालू आहेत आणि हे क्रीम त्यातल्या एकीच्याच कामाचं आहे.

त्यांनी आधी काचेची पट्टी डागावर दाबली. घरी पारदर्शक ग्लासनेही जमतं. हातावरचा डाग काचेखाली पांढुरका झाला, काच उचलताच रंग परत भरला. म्हणजे रक्त वाहिन्यांतच आहे, त्या फक्त रुंदावल्यात. पोटावरचे टाचणीच्या डोक्याएवढे, गुळगुळीत, चकचकीत लाल ठिपके मात्र काचेखाली पूर्ण फिके पडेनात. ते डॉक्टरांनी भिंगाच्या यंत्रातून पाहिले: चेरी अँजिओमा, बारीक रक्तवाहिन्यांचे पुंजके. तिशीनंतर वाढत जातात, निरुपद्रवी असतात, आणि जगातल्या कुठल्याही क्रीमने जात नाहीत. दिसायला नको असतील तर लेझर किंवा विजेच्या सुईने जाळतात. रक्त यायला लागलं किंवा रूप बदललं तर दाखवायचं. एवढंच. त्यांच्यावर मी किती क्रीम चोळलं असेल याचा हिशोब मांडला की अजून चिडचिड होते.

मधूनच रात्री उठून सकाळी गायब होणाऱ्या गांधी म्हणजे अंगावर उठणारं पित्त. एका गांधीभोवती पेनाने गोल काढायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी गोल तसाच, आतली कातडी कोरी, नवी गांध भलतीकडेच. पित्ताची एक गांध साधारण २४ तासांच्या आत मागमूस न ठेवता जाते. त्याला अँटिहिस्टामिन, म्हणजे ॲलर्जी दाबणारी गोळी. हा त्रास ६ आठवड्यांपेक्षा जास्त चालला तर जुनाट म्हणतात आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. मॉइश्चरायझरचा इथे काही संबंध नाही.

संबंध आहे तो हातांवरच्या आणि मानेवरच्या कोरड्या, खाजऱ्या, खवले धरणाऱ्या चट्ट्यांशी. पॅच टेस्ट, म्हणजे कातडीला कशाची ॲलर्जी आहे ते शोधणारी चाचणी, झाली. पाठीवर चिकटपट्ट्या ४८ तास, पाणी लागू द्यायचं नाही, काढल्यावर एक नजर आणि दोनेक दिवसांनी पुन्हा एक. सुगंधी मिश्रण आणि मेथिलआयसोथायाझोलिनोन हे प्रिझर्व्हेटिव्ह, दोन्हींच्या जागा लाल होऊन फुगल्या. हे दुसरं हँडवॉश, ओले वाइप्स, शाम्पू असल्या गोष्टींत सापडतं. खरा उपचार तिथेच झाला: त्या वस्तू बंद. सोबत थोडे दिवस स्टेरॉइड मलम, तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत पिळलेली रेघ म्हणजे अंदाजे अर्धा ग्रॅम, बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. मॉइश्चरायझर मात्र सढळ हाताने, अंघोळीनंतर कातडी ओलसर असतानाच. तेव्हापासून चट्टे उतरले आणि नंतर नुसत्या या क्रीमवर कातडी टिकली. झोंबत नाही, चिकट होत नाही. म्हणून चार तारे.

‘सढळ हाताने’ म्हणजे किती? एक्झिमासारख्या (इसब) कोरडेपणात मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला आठवड्याला पाव ते अर्धा किलो. आता सांगा, इतकं लागणारं औषध अशा पंपात घालायचं की ज्याची नळी तळापर्यंत पोचत नाही?

कंपनीच्या कस्टमर केअरला लिहिलं. उत्तर आलं: ‘डागांचा फोटो पाठवा.’ मी कापलेल्या बाटलीचा फोटो पाठवला. उत्तर: ‘परिणाम प्रत्येकाच्या त्वचेनुसार बदलू शकतात.’ पंपाला कातडी कुठून आली?

एक गोष्ट मात्र तारे-बिरे बाजूला ठेवून सांगते. दाबल्यावर अजिबात फिके न पडणारे, सपाट, लाल-जांभळे बारीक ठिपके अचानक उठले असतील तर क्रीम शोधत बसू नका. ते कातडीखाली झिरपलेलं रक्त असतं. प्लेटलेट कमी झालेल्या असू शकतात (नेहमीचा आकडा एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख), रक्त पातळ करणारी औषधं असू शकतात, गंभीर संसर्गही असू शकतो. सोबत ताप, मान आखडणं, गुंगी किंवा हिरड्यांतून रक्त असेल तर तडक हॉस्पिटल. ग्लासखाली डाग फिका पडला म्हणूनही तापाकडे दुर्लक्ष नको. सावळ्या-काळ्या रंगावर लाली जांभळट किंवा तपकिरी दिसते, तेव्हा तळहात, तळपाय, तोंडातली टाळू आणि पापणीची आतली बाजू पाहावी.

आणि कुणीतरी हातात देतं ती ‘सगळ्यावर चालणारी’ मिश्र ट्यूब, स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र. गजकर्णावर लावलीत तर लाली दबते, बुरशी आतल्या आत पसरते, आणि नंतर डॉक्टरांनाही ते गजकर्ण पटकन ओळखू येत नाही. नकोच.

हेच क्रीम ट्यूबमध्येही मिळतं असं कळलंय. रुंद तोंडाचा डबाही आहे, पण त्यात रोज बोटं घातली की जंतू जातात, स्वच्छ चमचा ठेवावा लागतो. मी ट्यूब घेणार, शेवटी लाटण्याने दाबता तरी येईल.