नातीसाठी २४ इंची माउंटन सायकल: शॉकअप नको, वजन बघा

माझी नात ओवी दहा वर्षांची आहे. उंची १३८ सेंटीमीटर, वजन २९ किलो. जुन्या २० इंची सायकलवर वळताना तिचे गुडघे हँडलला लागायला लागले, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर बोरिवली पूर्वेच्या एका जुन्या दुकानातून २४ इंची माउंटन सायकल घेतली. ९,४०० रुपये पडले. साधा सरळ फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), पुढे पेडलजवळ एकच दातेरी चेनव्हील, मागे सात गिअर, आणि रबराने रिम दाबणारे व्ही-ब्रेक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मॉडेलं दरवर्षी बदलतात आणि नाव तेच ठेवून आतला माल बदलतो. काय बघून घेतली ते सांगतो, म्हणजे कुठल्याही दुकानात उपयोगी पडेल. मी रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये फिटर होतो, त्यामुळे नटबोल्टाकडे जरा जास्तच लक्ष जातं.

दुकानात शिरलं की पहिल्यांदा समोर येते ती शॉकअप, दोन डिस्क ब्रेक आणि २१ गिअरवाली सायकल. मुलांचा जीव तिच्यावरच जडतो. मी घरून बॅगा तोलायचा हुकाचा काटा नेला होता. ती सायकल भरली सोळा किलोच्या जवळपास, म्हणजे ओवीच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त. आम्ही घेतलेली बारा किलोच्या आत आहे. आमच्या बिल्डिंगला सायकल ठेवायची जागा पाच पायऱ्या चढून आहे आणि ओवी आता ती स्वतः उचलून ठेवते. मोठ्या माणसाला तीस-बत्तीस किलोची सायकल चढावर रेटायला सांगितली तर तो दुसऱ्या दिवशी सायकलकडे बघणार नाही. मुलांचं तेच होतं, आणि आपण म्हणतो हिला आवडच नाही.

या किमतीतलं शॉकअप म्हणजे नळीत बसवलेली एक स्प्रिंग. ती मोठ्या माणसाच्या वजनाने दबते, २९ किलोच्या मुलीने जेमतेम हलते. दाब देऊन बघा, कळेल. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या माउंट टॅमलपायसच्या उतारावर १९७० च्या दशकात पोरांनी हा खेळ सुरू केला, तेव्हा जाड टायरच्या जुन्या सायकलीच होत्या, शॉकअप नव्हतं. पुढे १९७७ मध्ये जो ब्रीझने खास या कामासाठी फ्रेम बांधली, तिलाही नव्हतं. शॉकअप बाजारात आलं ते १९९० च्या सुमारास. आरे कॉलनीतल्या खड्ड्यांसाठी जाड टायर आणि त्यातली बेताची हवा पुरते. मी हवेचा दाब ३० पीएसआयच्या (पंपावरचा आकडा) आसपास ठेवतो. टायरवर छापलेला आकडा ही वरची मर्यादा असते, एवढ्या हलक्या मुलीला तेवढी हवा लागत नाही.

गिअरचंही तसंच. २१ म्हणजे पुढे तीन, मागे सात, आणि त्यातले कितीतरी एकमेकांच्या जवळपास येतात. मुलं दोन्ही हातांनी दोन खटके ओढतात आणि चेन तिरकी होऊन खरखरते. पुढे ३२ दात आणि मागे १४ ते ३४ दातांचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरच्या चकत्या) एवढ्यात बोरिवलीच्या नॅशनल पार्कचा कान्हेरीकडचा चढ ओवी न उतरता चढते.

मापाबद्दल कळकळीने सांगतो. कपडे वाढत्या अंगाचे घेतो तशी सायकल घेऊ नका. दुकानदार म्हणाला, "काका, २६ इंची न्या, चार वर्षं बघायला नको." त्यावर बसून ओवीचे पाय जमिनीला टेकत नव्हते. सिग्नलला किंवा रिक्षा आडवी आली तर पाय टेकणं हाच पोराचा शेवटचा ब्रेक असतो. वय नाही, उंची बघा. डिकॅथलॉन या खेळसामानाच्या कंपनीचा तक्ता उंचीवरच आहे: २० इंची १२० ते १३५ सेंटीमीटरला, २४ इंची १३५ ते १५० ला. या वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढतं, म्हणजे योग्य मापाची सायकलही दोन वर्षं सहज जाते. वाढीला जागा हवी ती सीटच्या दांड्यात. दांडा लांब हवा, आणि त्यावर कोरलेली रेघ कधीही नळीच्या बाहेर दिसता कामा नये.

मग हात. ओवीने हँडल धरलं तेव्हा ब्रेकच्या लिव्हरपर्यंत तिची बोटं टोकानेच पोचत होती. लिव्हरच्या बुडाशी, ग्रिपच्या बाजूला, एक बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की लिव्हर ग्रिपकडे सरकतो. मी अर्धा-अर्धा आटा फिरवत गेलो, प्रत्येक वेळी तिला धरायला लावलं. दोन बोटांचं पहिलं पेर लिव्हरवर नीट बसलं तिथे थांबलो, मग केबलचा ताण पुन्हा जुळवून घेतला. दुकानातल्या पोऱ्याने हा स्क्रू कधी फिरवलाच नव्हता. ज्या सायकलला तो स्क्रू नसेल ती मुलासाठी घेऊ नका.

जोडणी स्वतः तपासा, कारण सायकली खोक्यात अर्धवट सुट्या येतात. दुसऱ्या एका दुकानात मांडलेल्या सायकलचा फोर्क चक्क उलटा बसवला होता. पुढचा ब्रेक मागे तोंड करून, आणि हँडल वळवलं की टायर पेडलला घासायचा. हे बघून मला फार राग आला, कारण त्यावर कुणाचं तरी लेकरू बसणार. पुढचं चाक उचलून फिरवा, रिम ब्रेकच्या रबरांमध्ये डोलतंय का बघा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, हँडलच्या बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर हाताला टक्-टक् लागतं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, कुणी जबरदस्तीने फिरवलं असेल तर क्रँकच (पेडल बसतं तो दांडा) जातो.

आता उणिवा. पावसात रिम ओली झाली की व्ही-ब्रेक पहिल्या फेऱ्यात पकडत नाही. तिथे डिस्क सरस आहे, हे मान्य. ओवीला शिकवलंय की उतार यायच्या आधीच हलकेच ब्रेक दाबून रिम पुसून घ्यायची. पण बिल्डिंगखाली सायकलीवर सायकली रेलतात, स्वस्त डिस्कची पाती वाकतात आणि मग घासत बसतात. त्यापेक्षा शे-दीडशेचे ब्रेक रबर बदलणं परवडतं. मडगार्ड वेगळे घ्यावे लागले आणि मुंबईत ते हवेतच. हँडलचे बोल्ट जुलैतच गंजले, ते स्टेनलेसचे घालून घेतले. चेन मात्र दर आठवड्याला पुसून तेल दिल्याने ठीक आहे.

टायरच्या बाजूवर ५०-५०७ असा आकडा आहे. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, तो थोडा इकडेतिकडे चालेल, दुसरा रिमच्या मापाचा, तो ५०७ हवाच. जुन्या साध्या २४ इंची सायकलींचे काही टायर वेगळ्या मापाचे असतात आणि या रिमवर बसत नाहीत. पंक्चरवाल्याकडे ट्यूब मागताना हा आकडा सांगा.

गणपतीनंतर पहिली सर्व्हिस फुकट झाली. नवी केबल ताणली गेल्याने चेन तिसऱ्या-चौथ्या गिअरवर उड्या मारत होती, ती दुकानदाराने जागच्या जागी लावून दिली. सर्व्हिसला जाताना मुलाला बरोबर न्या, सीटही तेव्हाच लावून घेता येते. टाच पेडलवर ठेवून पाय सरळ होतो का, हे आम्ही तिथेच बघितलं आणि सीट दीड सेंटीमीटर वर घेतली.