गीतपुस्तकाची संगीत आवृत्ती: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे चारही आवाज छापलेली ही इंग्रजी गीतपुस्तकाची आवृत्ती आठ महिने दर रविवारी चर्चच्या उपासनेत वापरात आहे. गीतांची निवड उत्तम आहेच, पण पुस्तकाचं खरं मोल शेवटच्या पानांत आहे, मीटरच्या, म्हणजे गीताच्या ओळींच्या मापाच्या, सूचीत. ती पानं फारशी कुणी उघडत नाही. मग चाल येत नाही एवढ्याच कारणानं चांगलं गीत वर्षानुवर्षं न गाता राहतं.

सूचीतले आकडे म्हणजे प्रत्येक ओळीत उच्चारली जाणारी अक्षरं. ह्रस्व-दीर्घाच्या मात्रा मोजायच्या नाहीत. ८.६.८.६ म्हणजे कॉमन मीटर, ८.८.८.८ लाँग, ६.६.८.६ शॉर्ट. पुढे 'डी' असेल तर तोच साचा दोनदा. आकडे सारखे असले की एका गीताचे शब्द दुसऱ्याच्या चालीवर गाता येतात; एका अभंगाची चाल दुसऱ्याला लागते, तसंच हे. 'अमेझिंग ग्रेस'चे शब्द १७७९ मध्ये छापले गेले, पण 'न्यू ब्रिटन' ही आजची चाल त्यांना मिळाली १८३५ मध्ये. चालीला वेगळं नाव असतं ते म्हणूनच.

आकडे जुळले तरी गाडी अडते ती आघातावर. ८.७.८.७ मध्ये काही गीतांचा जोर पहिल्या अक्षरावर असतो, काहींचा दुसऱ्या. दुसऱ्या प्रकारची चाल बहुधा समेच्या आधीच्या सुरावर उचलली जाते. अदलाबदल झाली की 'द', 'ऑफ' असल्या शब्दांवर ठोका पडतो आणि मंडळी पहिल्याच ओळीत अडखळते. म्हणून नवी जोडी ठरवताना सगळी कडवी टेबलावर ठोका देत मोठ्यानं वाचावीत; पहिलं जुळलं तरी तिसरं फसू शकतं. वाक्य पुढच्या ओळीत वाहत असेल आणि चाल मात्र ओळीच्या शेवटी लांब सुरावर थांबत असेल, तर ती जोडी सोडून द्यावी.

पट्टी खाली आणली आहे, वरचा सूर बहुतेक ठिकाणी डी किंवा ई-फ्लॅटपाशी थांबतो. सकाळच्या आवाजाला हे सोयीचं, पण काही गीतांत बासचा, म्हणजे सगळ्यात खालचा, आवाज विरून जातो. काही पानांवर स्वरलिपी ई-फ्लॅटमध्ये आणि गिटारचे कॉर्ड डीमध्ये आहेत, गिटारच्या पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सूर चढवणारा चिमटा, लावण्यासाठी. बारीक अक्षरातली ही टीप नजरेतून सुटली की ऑर्गन आणि गिटार अर्ध्या सुरानं वेगळे वाजतात.

शब्द स्टाफच्या, म्हणजे सूर लिहिलेल्या पाच रेघांच्या, मधे आहेत. चार कडव्यांपर्यंत नजर नीट धावते. त्यापुढची कडवी पानाच्या तळाशी आहेत, तिथं एका अक्षराला दोन सूर कुठे लागतात ते पेन्सिलनं अधोरेखित करून ठेवावं.

शब्दांतही बदल आहेत. 'दी' (thee, 'तुला'साठीचा जुना इंग्रजी शब्द) च्या जागी 'यू' आलं की यमकासाठी सगळी ओळच बदलते. पाठ असलेले जुने शब्द गातात, बाकीचे छापलेले, आणि ओळीच्या शेवटी गोंधळ. क्रमांकासोबत "शब्द पुस्तकात पाहून गा" एवढं सांगितलं की बराच फरक पडतो.

शिवलेली बांधणी अजून घट्ट आहे आणि ऑर्गनवर पुस्तक सपाट उघडं राहतं. फक्त शब्दांच्या, गोंदानं चिकटवलेल्या प्रतींची पानं मात्र सुटू लागली आहेत. मंडळीसाठी शब्दांच्या प्रती घेणार असाल, तर त्याही शिवलेल्याच घ्या.