मोत माऊलीच्या जत्रेतलं मेणाचं दुकान: पाचपैकी साडेतीन

बांद्र्याच्या जत्रेत माउंट मेरी, म्हणजे आमच्या मोत माऊलीच्या चर्चच्या चढावर मेणाच्या वस्तूंची दुकानं लागतात. त्यांतल्या एकाची मी वीसेक वर्षांची गिऱ्हाईक. दुकान म्हणजे काय, दोन बाकडी, वर निळी ताडपत्री आणि मागे खोक्यांची चळत. पाटी नाही. असती तरी नाव लिहिलं नसतं, कारण थोडी तक्रारही करायची आहे.

आधी माल. ज्यांनी कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: हात, पाय, डोकं, हृदय, अख्खा पुरुष, अख्खी बाई, बाळ, घर, मोटार, विमान, पासपोर्ट. जे मागायचं त्याची मेणाची प्रतिकृती घ्यायची आणि वर जाऊन माऊलीपुढे ठेवायची. मेण पिवळसर पांढरं. साच्याचे दोन अर्धे जुळतात तिथे सबंध अंगावरून एक कड उठते, ती नखाला लागते. पायाची पाचही बोटं एकमेकांना चिकटलेली. घराला दार एकाच बाजूला, खिडक्यांच्या नुसत्या खुणा. विमानाचे पंख मात्र कच्चे. एका वर्षी माझ्यासमोर एका पोराच्या हातून पंख तुटला, तर दुकानवाल्या मावशींनी सुरीचं पातं मेणबत्तीवर तापवलं, तुटल्या जागी टेकवलं आणि पंख परत चिकटवून दिला. वर म्हणाल्या, ‘उडंल आता.’ सेवेचे गुण तिथेच पूर्ण दिले.

आता माझी खरेदी. आम्ही वसईचे. माऊली म्हणजे येशूची आई मारिया. 8 सप्टेंबरला तिचा जन्मदिवस, त्यानंतरच्या रविवारी जत्रा सुरू होते आणि आठवडाभर चालते. लग्नानंतर पहिल्यांदा घेतलं ते घर, नालासोपाऱ्याच्या फ्लॅटचं कर्ज मंजूर व्हावं म्हणून. झालं. मग वहिनीसाठी बाळ. झालं, मुलगी. मग मिस्टरांच्या कंपनीत माणसं कमी करत होते तेव्हा काय घ्यायचं कळेना. नोकरीचा साचा नसतो. मावशींनी दोन हात दिले, ‘कामाचे हात’ म्हणून. नोकरी राहिली. मी नातेवाइकांत, ऑफिसात, लोकलच्या डब्यात सगळ्यांना सांगत सुटले की माऊली नवसाला पावते आणि माल अमुक दुकानातून घ्या.

2018 ला आईच्या किडन्या गेल्या. किडनीही मिळत नाही. मावशी म्हणाल्या, ‘असं आतलं काही असलं की अख्खी बाईच घ्यावी.’ घेतली. दुकानातली सगळ्यांत महाग वस्तू. फेब्रुवारीत आई गेली.

माझ्या मनात त्या वेळी काय आलं ते लिहायला लाज वाटते, पण आढावा प्रामाणिक हवा. मला वाटलं, पैसे घेतले, माल पोचला, काम झालं नाही. रडत होते आणि आतून एखाद्या ग्राहक तक्रार केंद्राला पत्र लिहीत होते. पुढच्या सप्टेंबरला जत्रेला गेलेच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी कोरोनामुळे जत्राच भरली नाही, तेव्हा न जाण्याचं कारण द्यावं लागलं नाही.

आई स्वतः मात्र या दुकानातून कधी हात-पाय घेत नसे. ती फक्त साध्या मेणबत्त्या घ्यायची. मी एकदा गाडीत विचारलं, ‘काय मागितलंस?’ तर म्हणाली, ‘काय मागायचं? भेटायला गेलते.’ मला वाटलं, अडाणी उत्तर. पण तिची रीतच तशी. एका जुलैत वाऱ्याने आमच्या वाडीतली घडाला आलेली केळ झोपली. आई पदर खोचून बांधावर उभी राहिली, सगळीकडे एकदा बघितलं आणि ‘तुझी मर्जी, बापा’ म्हणाली. मग त्याच वाडीतली तगर परडीत खुडून चर्चच्या वेदीसाठी घेऊन गेली, कारण त्या शनिवारी फुलांची पाळी आमची होती. पाळी चुकवायची नाही, केळ राहो की जावो. बायबलमधला हबक्कूक संदेष्टा म्हणतो की अंजिराला फूल आलं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. आईने हबक्कूक वाचला होता की नाही कोण जाणे.

ती गेल्यावर रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, म्हणताना येशूने शिकवलेलं ‘आमच्या बापा’ तोंडून जायचं. एकदा मध्येच अडखळले. त्यात मागणं आहेच, पण रांग बघा: आधी तुझं नाव पवित्र मानलं जावो, मग तुझं राज्य येवो, मग तुझी इच्छा पूर्ण होवो. रोजची भाकर चौथी. मी इतकी वर्षं पहिली तीन वाक्यं फॉर्मवरच्या छापील मजकुरासारखी पार करून थेट भाकरीवर येत होते. आणि भाकर तरी कुठे, फ्लॅट.

दुसरी गोष्ट खुद्द माऊलीची. शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, मारियेच्या तोंडी वाक्यं फार थोडी आहेत. त्यातलं शेवटचं काना गावच्या लग्नातलं. द्राक्षरस संपला तेव्हा ती येशूला सांगते, ‘त्यांच्याजवळ द्राक्षरस नाही,’ बस. मग चाकरांकडे वळते: ‘हा तुम्हांला जे काही सांगेल ते करा.’ म्हणजे अडचण तिनेही त्याच्या कानावर घातलीच. फक्त काय करायचं ते त्याच्यावर सोडलं. ज्या बाईपुढे मी पासपोर्ट ठेवायला जाते तिचं म्हणणं हे.

यंदा गेले. बांद्रा स्टेशनवरून जत्रेची बस, मग चढ, मग तेच दुकान. मावशींचे केस पूर्ण पांढरे झालेत, पण ओळखलं.

‘या ताई. काय देऊ? पोराचं काही?’

पोराचं होतं. कॅनडाच्या व्हिसाचा अर्ज अडकलाय. पासपोर्ट समोरच होता आणि हात तिकडे गेलाही. सगळ्यांत सुबक वस्तू तीच, खोटं कशाला बोलू.

‘साध्या मेणबत्त्या द्या.’

‘साध्या कशासाठी?’

‘कशासाठी नाही.’

मावशींनी माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं. ‘साधी घेतली तर माऊलीला कळणार कसं?’

उत्तर सुचलं नाही. आता सुचतंय, पण तेव्हा मागे रांग होती. शेजारी एक मुलगी, पंचविशीची असेल, मेणाचं बाळ दोन्ही तळहातांवर खऱ्या बाळासारखं धरून उभी होती. आधी मी अशांना लोकलमध्ये सल्ले द्यायचे. या वेळी तिला आधी पुढे जाऊ दिलं आणि मनातल्या मनात तिच्यासाठी मागितलं. मागणं काही सुटलेलं नाही माझं.

वर बॅसिलिकात, म्हणजे माऊलीच्या चर्चमध्ये, 1904 च्या त्या दगडी इमारतीत, रांगेत पाऊण तास गेला. माझ्यापुढे एक पारशी आजोबा, मागे कुर्ल्याचं एक हिंदू कुटुंब, हातात झेंडूचे हार. माऊलीपुढे पोचले आणि यादी नसल्यामुळे काय बोलायचं तेच कळेना. पहिली तीन वाक्यं म्हटली, सावकाश. तेवढ्यात सेवक ‘पुढे चला, पुढे चला’ म्हणाला. व्हिसाचं सांगायचं राहूनच गेलं, ते पायऱ्या उतरताना लक्षात आलं.

तर गुण. मालाची सफाई: तीन. मावशींचं वागणं: पाच. गिऱ्हाइकाला महाग वस्तूकडे वळवणं: इथे सरासरीतून अर्धा तारा कापते, आजारी माणसाच्या लेकीला ‘अख्खी बाईच घ्या’ म्हणू नये. त्यांनी ते लुबाडायला म्हटलं नव्हतं, त्यांचा विश्वासच तसा आहे, हे मान्य करूनही कापते. साध्या मेणबत्त्या खाली, खोक्यांच्या मागे ठेवतात, मागितल्याशिवाय दाखवत नाहीत. त्या बाकड्यावर पुढे मांडाव्यात.

जाणार असाल तर रविवार टाळा, मधल्या वारी दुपारी जा. उतरताना गोव्याकडच्या लोकांच्या दुकानांतून कड्यो-बोड्यो, म्हणजे गुळात घोळलेला कुरकुरीत खाऊ, घ्या, पण चावून बघून घ्या, कधी कधी शिळे असतात. साध्या मेणबत्त्या मला चाळीस रुपयांना चार पडल्या. वर्तमानपत्रात गुंडाळून देतात, गर्दीच्या उकाड्यात वाकतात. पिशवीत आडव्या टाकू नका, पाण्याच्या बाटलीला टेकवून उभ्या ठेवा.