कुंपणाशी काय लावावं: बोगनवेल की धायटी?

माघ सरत आला की पुण्याची हवा कोरडी होते. शेवंती आटोपलेली असते आणि मोगऱ्याला अजून अवकाश असतो. या मधल्या दीड-दोन महिन्यांत कुंपणाशी काहीतरी भरभरून फुलावं, पण त्यासाठी रोज पाइप धरून उभं राहावं लागू नये, असं वाटत असेल तर माझ्या मते दोनच नावांचा विचार करावा: बोगनवेल आणि धायटी, म्हणजे डोंगरउतारांवर वाढणारं एक देशी झुडूप. पळस-पांगाऱ्याचा मोह होतो, पण ती मोठी झाडं. घरापुढच्या चार हात पट्टीत मावत नाहीत. कोथरूडमधल्या आमच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीशी मी दोन्ही लावून पाहिल्या. बोगनवेल अकरा वर्षं होती. धायटी आता सहा वर्षांची आहे.

रंगाच्या बाबतीत बोगनवेल पुढे आहे, हे आधीच मान्य करतो. रस्त्याच्या वळणावरून भिंत पेटल्यासारखी दिसायची. शिवाय रंग हवा तो मिळतो. किरमिजी, पांढरा, केशरी, एकाच वेलीवर दोन रंगसुद्धा. धायटीत निवड नाही. एकच तांबूस नारिंगी रंग, आणि तोही लांबून विटकरीच्या जवळ जाणारा. मात्र धायटी जवळ जाऊन बघायची आहे. पानं गळालेल्या लांब, कमानदार फांदीवर खालपासून शेंड्यापर्यंत बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांचे झुबके दाटलेले असतात आणि प्रत्येक नळीतून केसरांचा पुंजका बाहेर डोकावतो. गंमत अशी की दोन्हीकडे रंग पाकळ्यांचा नाहीच. बोगनवेलीत आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगीत पानं, खरं फूल आतलं इवलंसं पांढरं. धायटीत ती लाल नळी म्हणजे निदलपुंज, पाकळ्यांच्या बाहेरचं आवरण. पाकळ्या इतक्या बारीक की शोधाव्या लागतात. म्हणूनच दोन्हींचा रंग आठवडेच्या आठवडे टिकतो.

पाण्याचं फार बोलायला नको. दोन्ही चिवट. वरची वीतभर काळी माती आणि खाली मुरूम अशा आमच्या जमिनीत कोणीच कुरकुर केली नाही. बोगनवेलीला थंडीत पाणी जास्त झालं की ती नुसती पानांवर जाते, तेवढं सांभाळायचं. धायटीला पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा पाणी घातलं. आता मुद्दाम घालत नाही.

आता काट्यांविषयी, कारण माझा निर्णय तिथेच झाला. बोगनवेलीला काटे असतात हे लावतानाच ठाऊक असतं. त्रास उभ्या वेलीच्या काट्यांचा नाही, तोडलेल्या फांद्यांच्या काट्यांचा आहे. वेल वर्षातून दोनदा तरी छाटावी लागते, नाहीतर ती शेजारच्यांच्या गच्चीवर जाते. छाटली की ढीग पडतो, आणि त्या ढिगाचं काय करायचं हा प्रश्न अकरा वर्षांत मला सुटला नाही. कचरा न्यायला येणाऱ्या मावशींनी एकदा ओरखडलेले हात दाखवले आणि म्हणाल्या, "दादा, एवढं मात्र आमच्याच्यानं होत नाही." त्यांचं बरोबर होतं. मग मी फांद्या बारीक तुकडे करून कंपोस्टच्या ड्रममध्ये घातल्या. आठ महिन्यांनी खत निघालं, भुसभुशीत, काळंभोर, आणि त्यात काटे जसेच्या तसे. चाळणीतून चाळलं तरी काही सुटलेच असणार.

आई रोज सकाळी आंघोळ झाली की अनवाणी बागेत जाते, देवासाठी तगर आणि जास्वंद काढायला. छाटणी केली होती फाल्गुनात. आषाढात, माती ओली होऊन मऊ झाल्यावर, तिच्या टाचेत काटा गेला आणि आतच मोडला. तिला मधुमेह आहे. जखम भरायला सव्वा महिना लागला. त्यावर ती मला म्हणाली, "वेल काढू नकोस रे, मीच चप्पल घालून जात जाईन." साठ वर्षांची तिची सवय ती माझ्या वेलीसाठी मोडायला तयार झाली, हे मला सहन झालं नाही. त्या दिवाळीत वेल मुळासकट काढली. बुलबुल दरवर्षी तीत घरटं करायचे, त्याचं वाईट वाटलं. काट्यांमुळे मांजर तिथे पोचत नसे.

धायटीला काटा नाही. तिची छाटलेली फांदी हातात धरून मोडता येते, आणि सालीचे पातळ पापुद्रे बोटांना चिकटतात, एवढंच. बुलबुलांऐवजी आता शिंजीर येतात. फेब्रुवारीत सकाळी साडेसात-आठला खिडकीशी चहा घेऊन बसलं की एक जोडी नळ्यांमध्ये चोच घालत फांदीवरून खाली-वर करताना दिसते. बोगनवेलीवर मला ते क्वचित दिसले.

धायटीची अडचण वेगळी आहे, ती मिळवण्यात. बहुतेक रोपवाटिकांत ती नसते. तिला धावडी असंही म्हणतात, आणि त्या नावामुळे मला एका ठिकाणाहून चक्क धावड्याचं रोप मिळालं. धावडा म्हणजे मोठा वृक्ष. वर्ष वाया गेलं. त्यामुळे रोप घेताना पान उलटं करून बघा. पानं समोरासमोर, खालची बाजू करडी आणि तिच्यावर बारीक काळे ठिपके असतील तर ती धायटी. देशी झाडांची रोपं करणाऱ्यांकडेच विचारलेलं बरं. घेण्याआधी एकदा प्रत्यक्ष बघायची असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये सिंहगडाच्या उतारांवर नजर ठेवा. दशमूलारिष्टाच्या बाटलीवर घटकांत 'धातकी' लिहिलेलं असतं, ती हीच.

दुसरी गोष्ट, छाटणीची वेळ. बोगनवेल नव्या फुटीवर फुलते, त्यामुळे चुकलं तरी भरून निघतं. धायटीचं तसं नाही. दुसऱ्या वर्षी मी दिवाळीच्या साफसफाईत तिला छान गोल आकार दिला आणि त्या वसंतात जेमतेम पाच-सहा झुबके आले. फुलं येणाऱ्या फांद्याच मी कापल्या होत्या. आता फुलं संपली की एप्रिलअखेर छाटतो आणि पावसाळ्यात तिला हवं तसं वाढू देतो. पावसाळ्यात ती अस्ताव्यस्त दिसते, हे खरं. ज्यांना कुंपण बारा महिने नीटनेटकं हवं आहे त्यांना ती कदाचित आवडणार नाही.

चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत, कुंडीत काही हवं असेल तर मी स्वतः बोगनवेलच सुचवेन. कुंडीत ती आखडून राहते आणि उलट जास्त फुलते. पण जमीन असेल, घरात लहान मुलं किंवा अनवाणी फिरणारं कोणी असेल, तर एक जूनचा पाऊस धायटीला देऊन बघावा. त्यानंतर दोन वर्षं धीर धरावा लागतो. माझी तिसऱ्या वसंतात मनासारखी फुलली.

जुन्या वेलीची एक फांदी मात्र मी जगवली आहे. किरमिजी रंगाचीच. ती गच्चीच्या कोपऱ्यात कुंडीत आहे, आणि तिची छाटणी मी खाली जुनी चादर अंथरून करतो.