घरातल्या रोपांसाठी ट्यूबलाइट: ७६५ नको, ८६५ घ्या

४ फुटी, ३६ वॅटची टी-८ (सुमारे एक इंच जाडीची) ट्यूब घेताना वॅट नव्हे, काचेवरचा तीन आकडी कोड वाचा. पहिला आकडा रंगांच्या अचूकतेचा, पुढचे दोन प्रकाशछटेचे: ६५ म्हणजे ६५०० केल्विन, दिवसासारखा पांढरा उजेड. ७६५ स्वस्त, पण उजेड सुमारे २५०० ल्युमेन. ८६५ तेवढ्याच विजेत ३२०० च्या पुढे जाते आणि जुनी झाल्यावरही कमी मंदावते. थोडे जास्त पैसे इथेच वसूल.

मेथी, कोथिंबीर, टोमॅटो-मिरचीची रोपं यांना ही उत्तम. फळं धरायची अपेक्षा मात्र ठेवू नका, तेवढा जोर तिच्यात नाही. दोन ट्यूब शेजारी-शेजारी, वर पांढरा पत्रा, शेंड्यापासून अंतर ५ ते १० सेंटिमीटर, रोज १४ ते १६ तास. बहुतेकांची चूक अंतरातच होते: ट्यूब फूटभर वर राहते आणि रोपं काडीसारखी लांबून आडवी पडतात. ट्यूबच्या टोकांशी उजेड कमी असतो, म्हणून ट्रे अधूनमधून फिरवा.

२८ वॅटची टी-५ बारीक आणि काटकसरी, पण जुन्या चोक-स्टार्टरच्या पट्टीत चालत नाही, इलेक्ट्रॉनिक चोकची वेगळी पट्टी लागते. ‘ग्रो’ लिहिलेल्या जांभळट ट्यूबचे जादा पैसे रोपवाटिकेसाठी वाया. ट्यूब फुटली तर खिडक्या उघडा, आत पारा असतो. झाडूने लोटू नका.